मैदानापासून मंडपापर्यंत : प्रगती मैदान व भारत मंडपम येथील अभ्यागताच्या अनुभवाची चिकित्सा

बीजसंज्ञा : प्रदर्शनस्थळ, अभ्यागत, अभिप्रेत वाचक, सार्वजनिक अवकाश, वास्तू आणि स्मृती, अनुभव मंडप.

प्रस्तावना :

मोठ्या प्रदर्शन व संमेलन केंद्रांविषयी मराठीत जे लेखन होते, ते प्रामुख्याने दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात उद्घाटनाचे वृत्त, बांधकामाचा खर्च, आसनक्षमता आणि क्षेत्रफळ यांचा तपशील असतो. दुसऱ्या प्रकारात त्या ठिकाणी भरलेल्या पुस्तक मेळ्याचे, कृषी प्रदर्शनाचे अथवा व्यापार मेळ्याचे वर्णन असते. पहिल्या प्रकारात माणूस नसतो आणि दुसऱ्या प्रकारात वास्तू नसते. तिकीट काढून आत शिरणारा, पाय दुखेपर्यंत चालणारा, काही पाहणारा व बरेचसे न पाहता परतणारा अभ्यागत आणि त्याला सामावून घेणारी वास्तू यांच्या परस्परसंबंधाचा विचार या दोहोंच्या मध्ये कोठेतरी हरवतो.

प्रस्तुत लेखात नवी दिल्लीतील प्रगती मैदान आणि त्याच भूमीवर उभे राहिलेले भारत मंडपम यांचा या दृष्टीने विचार केला आहे. १९७२ ते २०२३ या अर्धशतकात एकाच जागेवर दोन भिन्न प्रकारच्या वास्तू उभ्या राहिल्या. त्यांनी आपल्या अभ्यागताची कोणती प्रतिमा गृहीत धरली, त्या प्रतिमेत सामान्य नागरिकाला कितपत स्थान होते आणि नव्या वास्तूच्या नावामागील परंपरा तिच्या व्यवहाराशी कितपत जुळते, हे तीन प्रश्न येथे विचारार्थ घेतले आहेत.

अभिप्रेत वाचक आणि अभिप्रेत अभ्यागत :

वाचकलक्ष्यी समीक्षेत वोल्फगांग इझर या जर्मन समीक्षकाने ‘अभिप्रेत वाचक’ ही संकल्पना मांडली. प्रत्येक संहिता आपल्या रचनेतूनच एका विशिष्ट वाचकाची अपेक्षा करते. हा वाचक म्हणजे प्रत्यक्ष वाचणारी व्यक्ती नव्हे. ती संहितेतच कोरलेली एक भूमिका असते, आणि प्रत्यक्ष वाचक त्या भूमिकेत शिरतो, अडखळतो अथवा तिला नकार देतो.

हीच संकल्पना वास्तूला लावता येते. प्रवेशद्वार कोणत्या रस्त्याकडे तोंड करून आहे, वाहनतळापासूनचे अंतर कमी आहे की बसथांब्यापासूनचे, बसण्यासाठी कट्टे आहेत की केवळ उपाहारगृहातील खुर्च्या, दिशादर्शक फलक कोणत्या भाषेत आहेत, या सर्व गोष्टी म्हणजे वास्तूची वाक्ये होत. त्या वाक्यांतून एक ‘अभिप्रेत अभ्यागत’ घडत जातो. मराठीत अशा व्यक्तीसाठी प्रेक्षक, ग्राहक, प्रतिनिधी आणि यात्रेकरू असे चार शब्द सहज सुचतात. प्रेक्षक पाहतो, ग्राहक घेतो, प्रतिनिधी कोणाच्या तरी वतीने बोलतो आणि यात्रेकरू चालतो. कोणतेही प्रदर्शनस्थळ या चारांपैकी कोणाला केंद्रस्थानी ठेवते, यावरून त्याचे स्वरूप ओळखता येते.

पूर्वपीठिका : शिलिंगचे दिवस

आधुनिक प्रदर्शनाचा इतिहास लंडनच्या हाइड पार्कमध्ये १ मे १८५१ रोजी सुरू झालेल्या महाप्रदर्शनापासून सांगण्याची प्रथा आहे. जोसेफ पॅक्स्टन याने आरेखित केलेल्या लोखंड व काचेच्या ‘क्रिस्टल पॅलेस’मध्ये सुमारे साडेपाच महिन्यांत साठ लाखांहून अधिक लोक येऊन गेले. आरंभी तिकिटाचे दर चढे होते. मे महिन्याच्या अखेरीस आठवड्यातील काही दिवस प्रवेशमूल्य एक शिलिंग करण्यात आले आणि कामगारवर्गाला दार उघडले. या ‘शिलिंगच्या दिवसां’त गर्दी उच्छाद मांडेल अशी भीती तत्कालीन उच्चभ्रू वर्गात होती. ती अनाठायी ठरली.

या प्रदर्शनातील एक बाब वास्तुशास्त्राच्या इतिहासात गौण मानली जाते. अभ्यागताच्या इतिहासात मात्र ती महत्त्वाची आहे. जॉर्ज जेनिंग्ज याने तेथे सशुल्क स्वच्छतागृहे उभारली होती आणि आठ लाखांहून अधिक लोकांनी एक पेनी देऊन त्यांचा उपयोग केला. प्रदर्शन म्हणजे केवळ यंत्रे आणि रत्ने नव्हेत. दिवसभर घराबाहेर राहणाऱ्या देहाच्या गरजा हाही त्याचा विषय आहे, याची ती पहिली मोठी नोंद म्हणता येईल.

टोनी बेनेट या अभ्यासकाने १९८८ मधील आपल्या निबंधात याच काळाचा वेगळा अर्थ लावला. त्याच्या मते अशा प्रदर्शनांत जनसमूह वस्तू पाहत असतोच, शिवाय तो स्वतःलाही पाहत असतो. सज्जांतून, उंच मार्गिकांतून गर्दीला गर्दीचे दर्शन घडते आणि त्यातून ती शिस्त शिकते. वॉल्टर बेंजामिनने जागतिक प्रदर्शनांना वस्तुपूजेची तीर्थक्षेत्रे मानले होते. दोघांची दिशा भिन्न असली तरी एक मुद्दा समान आहे. प्रदर्शनस्थळ हे तटस्थ पात्र नसते. ते आत शिरणाऱ्याला घडवते.

प्रगती मैदान : १९७२

स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, नोव्हेंबर १९७२ मध्ये, ‘एशिया ७२’ या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्याने प्रगती मैदानाचा आरंभ झाला. त्यासाठी उभारलेल्या ‘हॉल ऑफ नेशन्स’ या दालनाचे वास्तुकार राज रेवाल आणि संरचना अभियंता महेंद्र राज होते. त्रिमितीय जाळीच्या रचनेतून मधल्या खांबांवाचून भव्य अवकाश निर्माण करायचा, अशी ही कल्पना होती. अशी रचना सामान्यतः पोलादात केली जाते. परंतु त्या काळी देशात पोलादाची चणचण होती आणि मनुष्यबळ विपुल होते. त्यामुळे ती प्रबलित काँक्रीटमध्ये, जागेवरच ओतून, मोठ्या प्रमाणावर मजुरांच्या हातांनी पूर्ण करण्यात आली. प्रगत देशांच्या यंत्रसामर्थ्याची नक्कल न करता आपल्या अभावातून आकार शोधण्याचे हे उदाहरण होते.

अभ्यागताच्या दृष्टीने या रचनेचे वैशिष्ट्य म्हणजे तिची पारदर्शकता. काँक्रीटची ती जाळी भारतीय वास्तुपरंपरेतील जाळीचे काम करीत असे. ऊन अडत असे, पण प्रकाश झिरपत असे. इमारत कशी उभी आहे, हे अभियांत्रिकी न शिकलेल्या माणसालाही डोळ्यांनी वाचता येत असे. कारण तिचा भार वाहणारा प्रत्येक अवयव उघडा होता. येथे अभिप्रेत अभ्यागत हा ‘प्रेक्षक’ होता, आणि त्याने पाहण्याच्या वस्तूंत ती वास्तूही होती.

याच परिसराला लागून असलेले, चार्ल्स कोरिया यांनी आरेखित केलेले हस्तकला संग्रहालय या चर्चेत आवर्जून घ्यायला हवे. १९७२ च्या ग्रामीण भारतविषयक प्रदर्शनातील ग्रामसंकुल तेथे टिकून राहिले. कोरियांनी संग्रहालयाची रचना एका भव्य दालनाभोवती न करता गावातील वाटेसारखी, अंगणामागून अंगण अशी केली. मुंबई ही कर्मभूमी असलेल्या आणि पणजीची कला अकादमी घडवणाऱ्या या वास्तुकाराला येथे ‘यात्रेकरू’ अभिप्रेत होता. चालणे ही त्या वास्तूची अट आणि तोच तिचा आनंद होय.

तथापि प्रगती मैदानाचे स्मरणरंजन करणे योग्य ठरणार नाही. नावात ‘मैदान’ असले तरी ते कुंपण घातलेले, तिकीट आकारणारे स्थळ होते. वेगवेगळ्या काळात बांधलेली दालने विस्तीर्ण परिसरात विखुरलेली होती. एका दालनातून दुसऱ्यात जाताना ऊन, पाऊस आणि धूळ यांचा सामना करावा लागे. वृद्ध आणि अपंग व्यक्तींसाठी ती जागा सुकर नव्हती. जुन्या वास्तूचे सौंदर्य मान्य करताना तिच्यात थकलेल्या माणसांकडे दुर्लक्ष करणे, हा समीक्षेचा दोष ठरेल.

दोन रांगा :

दरवर्षी १४ नोव्हेंबरपासून भरणाऱ्या भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्याने प्रगती मैदानाला देशव्यापी ओळख दिली. या मेळ्यात आरंभीचे काही दिवस व्यावसायिकांसाठी आणि त्यानंतरचे दिवस सर्वसामान्यांसाठी, अशी विभागणी केली जाते. व्यावसायिक दिवसांचे प्रवेशमूल्य अधिक असते. व्यवहार्यतेच्या दृष्टीने या व्यवस्थेत गैर काही नाही. सौदे करणाऱ्याला शांतता हवी असते. परंतु १८५१ मधील शिलिंगच्या दिवसांशी तिचे असलेले साम्य लक्षणीय आहे. दोन्हीकडे सर्वसामान्य माणूस नंतर येतो.

तो आल्यावर काय घडते हे अधिक महत्त्वाचे आहे. राज्यांच्या दालनांत तो ग्राहक म्हणून शिरतो खरा, पण केवळ ग्राहक राहत नाही. महाराष्ट्राच्या दालनापाशी दिल्लीत स्थायिक झालेले मराठी कुटुंब थांबते, ते केवळ खरेदीसाठी नव्हे. आपली भाषा कानावर पडावी, हाही त्या थांबण्याचा हेतू असतो. शेजारच्या राज्याच्या दालनातील विणकराशी तोडक्यामोडक्या हिंदीत होणारे संभाषण कोणत्याही उलाढालीच्या आकड्यात मोजले जात नाही. १९७२ पासून चालत आलेल्या विश्व पुस्तक मेळ्यातही हेच दिसते. पुस्तक विकत न घेता ते उभ्या उभ्या चाळणारा विद्यार्थी हा विक्रेत्याच्या हिशेबात नफा नसतो, पण मेळ्याच्या प्रयोजनाच्या हिशेबात तोच मुख्य असतो. प्रदर्शनस्थळाची कसोटी लागते ती अशा हिशेबाबाहेरच्या माणसापाशी.

२०१७ : स्मृतीचे वय

‘हॉल ऑफ नेशन्स’ एप्रिल २०१७ मध्ये पाडण्यात आला. नव्या एकात्मिक संकुलाची गरज हे त्याचे कारण होते. वास्तुकारांनी व वारसाप्रेमी संस्थांनी विरोध केला, न्यायालयात दाद मागितली; परंतु वास्तू वाचली नाही. या वादात साठ वर्षांचा निकष निर्णायक ठरला. साठ वर्षे पूर्ण न झालेल्या वास्तूला वारसा म्हणून विचारात घेता येणार नाही, अशी भूमिका घेण्यात आली. दालनाचे वय त्या वेळी पंचेचाळीस वर्षेही पूर्ण नव्हते.

हा निकष वरकरणी निःपक्षपाती वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा होतो की, स्वतंत्र भारताने स्वतःच्या बळावर जे बांधले, त्यातील मोठा भाग २०१७ मध्ये वारसा ठरण्यास अपात्रच होता. वसाहतकाळातील वास्तू मात्र आपोआप पात्र होत्या. क्रिस्टल पॅलेस सुटा करून लंडनच्या दक्षिणेस सिडनहॅम येथे पुन्हा उभारता आला होता. जागेवर ओतलेल्या काँक्रीटला असे स्थलांतर शक्य नव्हते. पुढे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने दक्षिण आशियातील स्वातंत्र्योत्तर वास्तुकलेचे प्रदर्शन भरवले, त्यात या दालनाचा समावेश होता. एकेकाळी जगाला प्रदर्शनासाठी बोलावणारी वास्तू अखेर परदेशातील प्रदर्शनाचा विषय झाली.

या प्रसंगात वास्तुकार बोलले, शासन बोलले, विधिज्ञ बोलले. चार दशकांहून अधिक काळ त्या दालनातून चालत गेलेल्या लक्षावधी अभ्यागतांना काय वाटते, हे विचारण्याची कोणतीही रीत उपलब्ध नव्हती. अभ्यागताचा अनुभव हा पुरावा मानला जात नाही, ही या प्रकरणातील खरी उणीव होय.

भारत मंडपम : २०२३

पुनर्विकसित संकुलातील संमेलन केंद्राचे ‘भारत मंडपम’ या नावाने २६ जुलै २०२३ रोजी उद्घाटन झाले आणि ९ व १० सप्टेंबर २०२३ रोजी तेथे जी-२० शिखर परिषद भरली. सुमारे १२३ एकरांचा परिसर, सुमारे २,७०० कोटी रुपयांचा खर्च, सात हजार आसनांची क्षमता, तीन हजार आसनांचे खुले रंगमंडल आणि साडेपाच हजारांहून अधिक वाहनांचा तळ असा त्याचा परिचय दिला जातो. आसनांच्या संख्येत सिडनीच्या ऑपेरा हाउसलाही हे केंद्र मागे टाकते, असेही सांगितले जाते.

या परिचयातील संख्यांकडे संहिता म्हणून पाहिले असता अभिप्रेत अभ्यागत स्पष्ट होतो. तो बसतो आणि तो वाहनातून येतो. जून २०२२ मध्ये खुला झालेला भुयारी मार्ग वाहनाला थेट तळघरातील वाहनतळाशी जोडतो. याउलट मेट्रोने येणाऱ्याची स्थिती पाहावी. जे स्थानक पूर्वी ‘प्रगती मैदान’ या नावाने ओळखले जाई, त्याचे नाव बदलून ‘सुप्रीम कोर्ट’ असे झाले आहे. दिल्लीबाहेरून प्रथमच येणाऱ्याला आपण जाऊ इच्छितो ते ठिकाण स्थानकाच्या नावात सापडत नाही. ही बाब किरकोळ वाटेल. परंतु वाहनाला मिळालेली निःसंदिग्ध वाट आणि पायी येणाऱ्याला मिळालेले कोडे यांतील अंतर अभ्यागतांच्या श्रेणीतील अंतरही दर्शविते.

नव्या वास्तूचे गुण नाकारण्याचे कारण नाही. वातानुकूलित व आकाराने लवचीक दालने, उद्वाहने, विशाल सभागृहे यांमुळे जुन्या मैदानातील अनेक गैरसोयी दूर झाल्या. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या व्यक्तीला उद्वाहन लाभणे ही शोभेची बाब नव्हे, तो तिच्या हक्काचा भाग आहे. २०२३ चा विश्व पुस्तक मेळा नव्या दालनांत भरला तेव्हा वाचकाला धूळ आणि ऊन यांपासून सुटका मिळाली. तेव्हा प्रश्न सुखसोयींच्या अभावाचा नाही. सुखसोयी कोणत्या भूमिकेला धरून योजल्या, हा प्रश्न आहे. या संकुलाचा प्रथम अभ्यागत ‘प्रतिनिधी’ होता. प्रतिनिधीसाठी दुभाषाचा कक्ष, विश्रामकक्ष आणि बैठकीचे दालन असते. तोच आराखडा पुढे नातवंडांना घेऊन आलेल्या आजीला वापरावा लागतो. तिला हवा असतो दर शंभर पावलांवर एखादा कट्टा, पाण्याचा नळ आणि वाचता येईल अशा भाषेतील फलक.

नावातील परंपरा :

‘भारत मंडपम’ या नावामागे महात्मा बसवेश्वरांच्या ‘अनुभव मंडपा’ची प्रेरणा असल्याचे उद्घाटनाच्या वेळी सांगण्यात आले. हा संदर्भ मराठी वाचकास परका नाही. बसवेश्वरांच्या जीवनाचा एक महत्त्वाचा कालखंड सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याशी निगडित आहे आणि अनुभव मंडपाचे स्थान मानले गेलेले बसवकल्याण महाराष्ट्राच्या सीमेलगत आहे. परंपरेनुसार बाराव्या शतकातील या मंडपात अल्लमप्रभू अध्यक्षस्थानी होते. अक्कमहादेवी, परीट मडिवाळ माचिदेव, नावाडी अंबिगर चौडय्या, दोर वळणारे नुलिय चंदय्या असे स्त्री-पुरुष तेथे आपल्या अनुभवाच्या बळावर बोलत.

या परंपरेत बोलण्याचा अधिकार पदावरून ठरत नसे. तो जगण्यातून आलेल्या अनुभवावरून ठरत असे. तेथे प्रेक्षक आणि प्रतिनिधी असा भेद नव्हता. नव्या नावात ‘मंडप’ आला, ‘भारत’ आला आणि ‘अनुभव’ तेवढा गळला. यामागे हेतू होता असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु नाव ही देखील वास्तूची संहिताच असल्याने हे गळणे अर्थपूर्ण ठरते. ज्या परंपरेचा आधार घेतला तिचा गाभाच येणाऱ्याचा अनुभव हा होता; आणि येणाऱ्याचा अनुभव नोंदवण्याची, त्यावरून रचना बदलण्याची पद्धत हीच आज आपल्या प्रदर्शन केंद्रांत सर्वांत दुबळी बाजू आहे.

मराठी भाषेतील ‘मंडप’ या शब्दाचा अर्थही येथे विचारात घ्यावा लागतो. लग्नाचा, गणपतीचा, कीर्तनाचा मंडप हा तात्पुरता असतो. त्याला छत असते, भिंती नसतात. रस्त्यावरून जाणारा थबकतो आणि नकळत आत येतो. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या मांडवातही निमंत्रण नसलेला वाचक मागच्या रांगेत बसू शकतो, ग्रंथदालनात रेंगाळू शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत अठ्ठ्याण्णवावे संमेलन भरले, तेव्हा उद्घाटन विज्ञान भवनात आणि पुढील कार्यक्रम तालकटोरा मैदानावरील क्रीडागारात झाले. एकाच संमेलनात या दोन वास्तूंनी दोन प्रकारचे अभ्यागत कल्पिले होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात :

हा विचार दिल्लीपुरता मर्यादित नाही. गोरेगाव, वांद्रे-कुर्ला संकुल, वाशी आणि मोशी येथे मोठी प्रदर्शनस्थळे आहेत. मोशी येथे डिसेंबरमध्ये भरणाऱ्या ‘किसान’ या कृषी प्रदर्शनास राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शेतकरी येतात. पहाटे गाव सोडून आलेला, शिदोरी बांधून आणलेला शेतकरी ती सोडायला सावलीची जागा शोधतो. त्याला अवजाराची किंमत विचारायची असते आणि त्याहून अधिक, ते अवजार वापरणाऱ्या दुसऱ्या शेतकऱ्याला गाठायचे असते. बसायला जागा नसेल तर हा संवाद होत नाही, आणि संवाद न होता प्रदर्शन केवळ जाहिरात ठरते. अशा संकुलांचे आराखडे पुढेही होत राहतील. त्यांच्या कागदपत्रांत क्षेत्रफळ आणि वाहनतळ यांच्या जोडीला शिदोरी सोडण्याच्या जागेची नोंद असावी, ही अपेक्षा भाबडी नव्हे.

निष्कर्ष :

१) प्रदर्शनस्थळाची वास्तू आपल्या रचनेतून एक अभिप्रेत अभ्यागत कल्पिते. प्रगती मैदानाने प्रामुख्याने प्रेक्षक कल्पिला; भारत मंडपमने प्रामुख्याने प्रतिनिधी कल्पिला.

२) जुन्या मैदानात पाहण्याचा आनंद होता, पण देहाच्या सोयींकडे दुर्लक्ष होते. नव्या मंडपात सोयी वाढल्या. तथापि पायी येणारा, रेंगाळणारा व खरेदी न करणारा नागरिक परिघावर राहिला.

३) वारसा ठरवताना केवळ वयाचा निकष लावल्यास स्वातंत्र्योत्तर वास्तुनिर्मिती असुरक्षित राहते. सार्वजनिक वास्तूच्या मूल्यमापनात अभ्यागतांचा अनुभव हा ग्राह्य पुरावा मानला गेला पाहिजे.

४) अनुभव मंडपाच्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या केंद्राने अभ्यागताच्या अनुभवाची नियमित नोंद करून ती प्रसिद्ध करणे, हे त्या नावाशी सुसंगत ठरेल.

समारोप :

मैदान आणि मंडप हे दोन्ही शब्द मुळात मोकळेपणाचे आहेत. एकाला छत नसते, दुसऱ्याला भिंती नसतात. त्या शब्दांनी ओळखल्या जाणाऱ्या वास्तूंना कुंपण, तिकीट आणि सुरक्षा तपासणी असणे आजच्या काळात अपरिहार्य असेल. परंतु आत शिरलेल्या माणसाला विनामूल्य बसण्याची, विनाकारण थांबण्याची आणि अनोळखी व्यक्तीशी बोलण्याची मुभा त्या भिंतींच्या आतही देता येते. त्यासाठी लागणारा खर्च एकूण खर्चाच्या तुलनेत अल्प आहे. लागते ती प्रतिनिधीच्या खुर्चीवरून उठून रांगेतील शेवटच्या माणसाच्या जागी उभे राहून आराखडा वाचण्याची दृष्टी.